जर्डनचे पक्षी आणि चिताऱ्यांचे हात

परतूर तालुक्यातील आष्टी आज जालना जिल्ह्यात मोडत असली, तरी १९८१ मध्ये हा जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दुधना आणि गोदावरी यांच्या आसपासच्या या काळ्या मातीच्या, ज्वारी-कापसाच्या आणि अधूनमधून माळ असलेल्या प्रदेशाकडे चित्रकलेचा अभ्यासक सहसा वळत नाही. त्याची पावले अजिंठ्याकडे किंवा पैठणकडे जातात, आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि भारतीय वन्यजीवांच्या छापील चित्रांचा इतिहास लिहायचा झाला, तर जालन्याच्या ब्रिटिश छावणीचा उल्लेख टाळता येत नाही.

टॉमस कॅव्हरहिल जर्डन (१८११–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील शल्यवैद्य १८३६ मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे मद्रास घोडदळाच्या एका पलटणीबरोबर जालन्यास येऊन तेथे सुमारे चार वर्षे राहिला. गोळा केलेले पक्षी सोलून, त्यांची कातडी भरून, ओळख पटवण्यासाठी त्याने ती स्कॉटलंडचे पक्षितज्ज्ञ सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवली; परंतु ती तेथे पोहोचेपर्यंत कसरीने खाल्ली होती, आणि तेव्हापासून जर्डन स्वतःच्याच निर्णयावर विसंबू लागला. १८३९-४० मध्ये मद्रासच्या एका विद्वत्पत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सूचीत ४२० जाती आहेत, म्हणजे कर्नल सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली होती तिच्या जवळजवळ दुप्पट. ज्या काळात नमुना टिकेल याची खात्री नव्हती आणि छायाचित्रण उपयोगात आणण्याजोगे नव्हते, त्या काळात चित्र ही शोभेची वस्तू नसून पुराव्याची वस्तू होती, हे या कसरीच्या प्रकरणावरून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या प्रस्तावनेवरून होणार नाही.

जालना सोडल्यानंतर, १८४३ ते १८४७ या काळात, जर्डनने मद्रासहून ‘इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन ऑर्निथॉलॉजी’ हा पन्नास चित्रपटांचा, म्हणजे स्वतंत्र पानावरच्या छापील चित्रांचा, ग्रंथ भागाभागाने काढला. त्यातील चित्रे प्रामुख्याने हिंदी चिताऱ्यांनी काढलेली आणि शिळाछाप पद्धतीने उतरवलेली आहेत. ती जालन्यात रंगवली गेली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र जालन्याच्या मुक्कामात तयार झालेली नजर आणि टिपणे या ग्रंथामागे आहेत, एवढे निश्चित म्हणता येते. ग्रंथ आजही जर्डनच्या नावाने ओळखला जातो, आणि बाजारात सुटा चित्रपट विकला जातो तोही ‘जर्डनचा’ म्हणूनच.

शिळाछाप, म्हणजे आलॉइस झेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात शोधून काढलेली मुद्रणपद्धती, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या साध्या तत्त्वावर चालते: गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र काढतात, शिळा ओली करतात, आणि मग फिरवलेली शाई ओल्या भागाला न धरता केवळ खडूच्या रेघांना धरते. मराठी वाचकाला ही पद्धत परकी नव्हती. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत छापलेले पंचांग शिळाछापाचेच होते. पक्ष्यांच्या चित्रांत मात्र छापाने फक्त काळी रेघ आणि छटा मिळत असे, आणि रंग प्रत्येक प्रतीवर समोर एक नमुना ठेवून कुंचल्याने भरावा लागे. त्यामुळे एकाच चित्रपटाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या, तर एकीत छातीचा तांबूस रंग गडद आणि दुसरीत फिका आढळतो, एखाद्या प्रतीत डोळ्याचे कडेही राहून गेलेले दिसते. आजच्या अर्थाची ‘मर्यादित आवृत्ती’, म्हणजे प्रतींची संख्या आधी ठरवून, समासात पेन्सिलीने ‘२३/२५०’ असा क्रमांक घालून कलावंताने सही केलेली छापील मालिका, ही कल्पना त्या काळच्या ग्रंथांना लागू पडत नाही. तेव्हा संख्या ठरत असे ती वर्गणीदारांच्या यादीने. म्हणून जुन्या चित्रपटावर क्रमांक आणि सही शोधणाऱ्या संग्राहकाला ती सापडली, तर त्याने आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

चिताऱ्याचे नाव टिकणे हा बहुधा योगायोगाचा भाग होता. कलकत्त्यात लेडी मेरी इम्पी यांच्यासाठी १७७७ नंतर शेख जैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास यांनी प्राण्या-पक्ष्यांची जी तीनशेहून अधिक चित्रे काढली, त्यांच्यावर चित्रकाराचे नाव आणि त्याचे मूळ गाव पाटणा लिहिलेले असल्याने ती माणसे आज नावानिशी ओळखता येतात. महाराष्ट्रात असा मान गंगाराम चिंतामण तांबट यांना मिळाला. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्यासाठी काम करणाऱ्या तांबटांनी १७९० मध्ये पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा काढला, आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटनेही त्यांच्या हातची आहेत, म्हणजे या कारागिराचा मराठवाड्याशी प्रत्यक्ष संबंध आला होता. त्यांची बरीच चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. ती मॅलेट यांच्या संग्रहात एकत्र राहिली नसती, तर तो गेंडा आज ‘अज्ञात चितारी, दख्खन’ या शीर्षकाखाली गेला असता.

सही नाही, म्हणून खरेखोटे ठरवता येत नाही असे मात्र नाही, आणि अशी परीक्षा कागदापासून सुरू करणे सोयीचे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हाताने केलेला देशी कागद घोटून गुळगुळीत केलेला असतो, त्यात गवती चाळणीच्या बारीक समांतर रेषा उजेडासमोर दिसतात आणि जलचिन्ह बहुधा नसते. जलचिन्ह म्हणजे कागद बनतानाच साच्यातून उमटलेली, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण. विलायती कागदावर ‘जे. व्हॉटमन’ यांसारखे नाव आढळते, आणि १७९४ नंतर त्याच्यासोबत बहुधा सालही असते. हे साल चित्राचे नव्हे. त्यापूर्वी चित्र काढले गेले नाही, एवढेच ते सांगते. कागद वर्षानुवर्षे पडून राहत असे, ही साधी गोष्ट अनेक विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

रंगांचेही वय असते: कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचा असू शकत नाही आणि टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापूर्वी बाजारात नव्हता, तेव्हा ‘कंपनी काळातील’ बगळ्याच्या पंखावर तो सापडला तर एक तर चित्र नवे आहे किंवा डागडुजी नवी आहे. दहापट भिंगातून पाहिल्यास शिळाछापात खडूच्या कणांचा अनियमित पोत दिसतो, तर आधुनिक ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदात मिसळण्यात येणारी उजळवणारी रसायने अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात. प्रामाणिकपणे काढलेली पुनर्मुद्रणे स्वतःची ओळख लपवत नाहीत: पक्षिचित्रकार ऑड्युबनच्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ची १९७० च्या दशकातील ऍमस्टरडॅम आवृत्ती केवळ २५० प्रतींची होती आणि तिच्या कागदाला तिचे स्वतःचे जलचिन्ह होते. फसवणूक होते ती अशा चित्रपटाचा समास कापून चौकटीत बसवल्यावर. त्यामुळे चित्रपटाचा क्रमांक, पक्ष्याचे नाव आणि मुद्रकाची ओळ असलेला समास शाबूत राखणे हे चित्र राखण्याइतकेच महत्त्वाचे. मराठवाड्यातील जुन्या वाड्यांत चित्र चौकटीला बसावे म्हणून समास कापण्याची जी सवय होती, तिने कसरीपेक्षा कमी नुकसान केले नसावे.

भारतात १९७२ या एकाच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा असे दोन कायदे झाले. पहिल्याने शिकारीवर आणि कातडी-शिंगांच्या व्यापारावर कडक निर्बंध आणले. दुसऱ्याने शंभर वर्षांहून जुनी चित्रे व कलाकृती पुरावशेष ठरवून त्यांची खासगी निर्यात बंद केली, आणि असा पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली यंत्रणा यांच्याकडे ठेवला. त्यामुळे आष्टीच्या एखाद्या वाड्यात भिंतीवर टांगलेले शिंगांचे मुंडके आणि त्याच्या शेजारचा शंभर वर्षांहून जुना, हाताने रंगवलेला पक्षी, या दोहोंवर आता वेगवेगळ्या कायद्यांची नजर आहे, आणि दुसऱ्याच्या बाबतीत वय सिद्ध करण्याचा प्रश्न केवळ संग्राहकाच्या हौसेचा न राहता कायद्याचाही होतो.