खेळणाऱ्यांच्या तक्रारींतून घडलेले खेळ

माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत सायबर कॅफेत पोरं ज्या ‘काउंटर-स्ट्राइक’वर तुटून पडत, तो खेळ मुळात कुठल्या बड्या कंपनीने बनवलेलाच नव्हता. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळाला जोड देऊन जून १९९९ मध्ये त्याची कच्ची आवृत्ती खुली केली. लोक खेळत, कुरकुरत, आणि थोड्याच दिवसांत पुढची आवृत्ती येई. बॉम्ब पेरण्या-निकामी करण्याचा प्रसिद्ध डावसुद्धा असाच, नंतरच्या बीटात, म्हणजे चाचणी आवृत्तीत आला. २००० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने हा खेळ विकायला काढला तेव्हा त्याच्यावर वर्षभराची फुकटची पारख झालेली होती.

मोबाइलच्या काळात पबजी आला. २ सप्टेंबर २०२० रोजी भारतात त्यावर बंदी आली; इथे खेळाडूंपेक्षा सरकारचाच अभिप्राय भारी ठरला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ ऑनलाइन नव्हे, एकट्याने खेळायची. तरी धडा तिचाच मोठा. २०१७ ची किकस्टार्टर मोहीम फसली. डेमो मात्र लोकांना भावला, म्हणून काम थांबलं नाही. २०२० मध्ये खेळ आल्यावर लढाईबद्दल नाराजी उमटली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत लढाई सुधारली, शिवाय हिंदी आवाजही आले. मराठी आवाज मात्र नाहीत, आणि पुण्यात बनलेल्या खेळात ते खटकतंच.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा खेळ आधी मर्यादित बीटातून खेळाडूंच्या हाती दिला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला.