घरातला इतिहास आणि आपली मुले

आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादी जुनी वंशावळ जपून ठेवलेली असते. तीत सात-आठ पिढ्यांच्या पुरुषांची नावे ओळीने मांडलेली असतात. परंतु आपला पूर्वज गाव सोडून या परप्रांतात का आला, त्याच्या पाठोपाठ आलेल्या त्याच्या पत्नीला येथील भाषा कोणी शिकविली, याविषयी तो कागद मुका असतो. ही माहिती माणसांपाशी आहे, आणि ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.

अशी हकीकत वेळीच लिहवून घेतल्याने केवढे धन हाती लागते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे ‘माझा प्रवास’. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्याच्या आशेने १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. वाटेत लुटले गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. तरुण चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला, म्हणून सुमारे पाव शतकानंतर भटजींनी हे सारे लिहून काढले. वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले. मात्र छापताना मूळ मजकुरात फेरफार केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने वाचकांपुढे यावयास १९६६ साल उजाडले.

या कथेत आपल्या मुलांसाठी दोन धडे आहेत. विचारणारा भेटला नाही, तर सांगणारा गप्पच राहतो, हा पहिला. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत, हा दुसरा.

दुसऱ्या धड्याची प्रचिती मला घरातच आली. माझ्या नातीने आजीची हकीकत वहीत उतरविली. आजी म्हणाली होती, “अंगाची हळद उतरायच्या आत आगगाडीत बसवलं.” नातीने लिहिले, “विवाहानंतर लगेच स्थलांतर केले.” वाक्य शुद्ध होते, पण त्यातून आजी नाहीशी झाली होती. मग आम्ही मोबाइलवर आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि ते ऐकून शब्दशः लिहिण्याची सवय नातीला लावली.

वृद्धांना सनावळ्या आठवत नाहीत. आठवतात त्या घटना. म्हणून “कोणत्या साली?” असे न विचारता, पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बांगलादेशाचे युद्ध (१९७१) किंवा १९७२ चा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, असे विचारावे. एखादे भांडे, जुने छायाचित्र किंवा लग्नातला शालू समोर ठेवावा. वस्तू पाहिली की आठवणी आपोआप वर येतात. आजीचे माहेरचे नाव व गाव अवश्य विचारावे, कारण वंशावळीत ते बहुधा सापडत नाही. दोघांच्या सांगण्यात तफावत आढळल्यास दोन्ही हकीकती लिहाव्यात. खरे-खोटे ठरविण्याची घाई करू नये. आणि एखाद्या प्रश्नावर आजी गप्प राहिली, तर वही मिटावी. सांगणे जसे तिच्या हाती, तसे न सांगणेही.

माझ्या आजोबांना मी यांतले काहीच विचारले नाही. ते कोणाच्या ओळखीने या शहरात उतरले, पहिली रात्र त्यांनी कोठे काढली, हे सांगू शकणारे आज आमच्या घरात कोणीही उरलेले नाही. आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना सभासदांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक घरातील मुलाने अशी एक वही भरावी आणि तिची प्रत मंडळाच्या ग्रंथालयात ठेवावी. या शहरातील मराठी माणसाचा इतिहास पुढे कोणी लिहावयास बसला, तर त्याला प्रथम याच वह्या उघडाव्या लागतील.