मॅकगिल विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग

मॅकगिल विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग : कॅनडातील माँट्रिऑल शहरातल्या मॅकगिल विद्यापीठाचा अध्यापन व संशोधन विभाग. स्मृती, वेदना, सुखाची प्रेरणा आणि द्वैभाषिकता यांविषयीचे विसाव्या शतकातले काही पायाभूत शोध या विभागातून निघाले. त्यांपैकी बरेचसे नामांकित प्राध्यापकांच्या नव्हे, तर पीएच.डी. करणाऱ्या किंवा नुकतीच पीएच.डी. झालेल्या तरुणांच्या हातून लागले. म्हणून या विभागाचा इतिहास त्याच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून सांगणेच योग्य.

विभागाला घडवले ते डोनाल्ड हेब (१९०४–१९८५) यांनी. मॅकगिलमध्ये एम.ए. करत असताना ते माँट्रिऑलच्या एका कामगार वस्तीतील शाळेचे मुख्याध्यापक होते. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून बाहेर खेळायला पाठवायचे आणि वर्गात बसून अभ्यास करू देणे हे बक्षीस मानायचे, असा प्रयोग त्यांनी तिथे केला. पुढे हार्वर्डची पीएच.डी., मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडचे काम आणि अमेरिकेतील यर्क्स प्रयोगशाळेत चिंपँझींचा अभ्यास करून १९४७ मध्ये ते मॅकगिलला परतले. १९४८ पासून दहा वर्षे विभागप्रमुख होते. त्या काळी वर्तनवादाचा जोर असल्याने मेंदूच्या आत डोकावणे मानसशास्त्रज्ञाला शोभत नाही, असे अनेकांना वाटे. १९४९ साली निघालेल्या ‘द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेवियर’ या ग्रंथात हेब यांनी उलटी भूमिका घेतली : एक चेतापेशी दुसरीला वारंवार उद्दीपित करत राहिली, की त्या दोघींमधला दुवा पक्का होतो आणि शिकणे म्हणजे अशा दुव्यांची जुळणी. हा ‘हेबचा नियम’ आज संगणकातील कृत्रिम चेताजालांच्या अभ्यासातही शिकवला जातो. ग्रंथ छापून येण्याआधी त्याच्या हस्तलिखितातली प्रकरणे विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात वाचली जात. विभागात पुढे जे घडले, त्याचे बीज या चर्चासत्रात आहे.

त्या सत्रात बसणाऱ्यांपैकी एक ब्रेंडा मिल्नर. १९१८ साली मँचेस्टरमध्ये जन्मलेल्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या. हेब यांनी त्यांना पेनफील्ड यांच्या माँट्रिऑल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये अपस्माराच्या रुग्णांचा अभ्यास करायला धाडले; १९५२ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. शस्त्रक्रियेनंतर दोन रुग्णांची नवी स्मृती नाहीशी झाल्याचे मिल्नर व पेनफील्ड यांनी मांडले, तेव्हा हार्टफर्डचे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी आपल्याकडेही असाच रुग्ण असल्याचे कळवले. ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा तरुण म्हणजे हेन्री मोलेसन. त्याचे नाव २००८ मधील मृत्यूनंतरच जाहीर झाले. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला होता. झटके कमी झाले, पण नवे काहीच ध्यानात राहीना. मिल्नर रात्रीच्या रेल्वेने हार्टफर्डला जाऊन त्याच्या चाचण्या घेत.

त्यांतली एक चाचणी सविस्तर सांगण्याजोगी आहे. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी, हात व कागद थेट दिसू नयेत अशी आडकाठी, समोर आरसा. आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. कुणाचाही हात पहिल्यांदा उलटाच जातो. मोलेसनने सलग तीन दिवस ही चांदणी गिरवली. रोज त्याला वाटे, आपण हे आयुष्यात प्रथमच करतो आहोत. हात मात्र रोज अधिक सफाईने चालत होता. प्रसंग लक्षात ठेवणारी स्मृती आणि कौशल्य अंगी बाणवणारी स्मृती यांची व्यवस्था मेंदूत वेगवेगळी आहे, हे यातून दिसले. स्कोव्हिल व मिल्नर यांचा १९५७ चा निबंध स्मृतिसंशोधनात आजही पायाभूत मानला जातो. मिल्नर यांच्याकडे पीएच.डी. केलेल्या सुझॅन कॉर्किन यांनी पुढे अनेक दशके मोलेसनचा अभ्यास चालू ठेवला. डोरीन किमुरा या दुसऱ्या विद्यार्थिनीने दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द ऐकवून मेंदूच्या दोन अर्धांची भाषेतील कामगिरी तपासली.

दुसरा मोठा शोध नेम चुकल्यामुळे लागला. हार्वर्डहून आलेले जेम्स ओल्ड्स आणि हेब यांचे विद्यार्थी पीटर मिल्नर उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवत होते. एका उंदरात तो ठरल्या जागी न बसता भलतीकडे गेला. पेटीच्या ज्या कोपऱ्यात त्या उंदराला विजेचा सौम्य धक्का मिळे, तिथेच तो पुन्हा पुन्हा येऊ लागला. हा अपवाद फेकून न देता दोघांनी उंदरालाच कळ दाबून धक्का घेण्याची सोय करून दिली; पुढील प्रयोगांत काही उंदीर तासाला हजारो वेळा कळ दाबत राहिले. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून व्यसनाच्या आणि प्रेरणेच्या आधुनिक अभ्यासाची वाट निघाली.

त्याच वर्षी बेक्स्टन, हेरन व स्कॉट यांचा संवेदनवंचनाचा निबंध आला. महाविद्यालयीन तरुणांना दिवसाला २० डॉलर देऊन उजेडाच्या खोलीत पलंगावर पडून राहायला सांगत : डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांत मोजे, मनगटांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांत यंत्राची एकसुरी घरघर. खाणे आणि शौच एवढीच सुटका. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे राहवले नाही. कित्येकांना भास होऊ लागले. मेंदूला बाहेरच्या बदलत्या संवेदना अखंड लागतात, हे त्यातून ठळक झाले. मात्र पैसा कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाचा होता आणि मूळ हेतू कोरियन युद्धकाळातील ‘ब्रेनवॉशिंग’ समजून घेण्याचा, ही गोष्ट नोंदीत यायलाच हवी. मॅकगिलचेच मनोविकारतज्ज्ञ यूएन कॅमेरॉन यांनी ॲलन मेमोरियलमध्ये रुग्णांवर केलेले क्रूर प्रयोग मात्र या विभागाचे नव्हेत. पुष्कळ लेखनात या दोहोंची सरमिसळ होते.

रोनाल्ड मेलझॅक (पीएच.डी. १९५४) यांनी जगापासून अलग ठेवून वाढवलेल्या कुत्र्यांचा अभ्यास केला. ही कुत्री पेटत्या काडीला पुन्हा पुन्हा नाक लावत; चटका टाळायचा असतो हे ती शिकलीच नव्हती. मुक्या जिवांवरचा तो प्रयोग आज मन विषण्ण करतो, पण वेदना ही केवळ इजेच्या प्रमाणात उमटणारी घंटा नव्हे, हे त्याने दाखवले. पॅट्रिक वॉल यांच्यासह मेलझॅक यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्तीनुसार वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले किंवा पुढे सोडले जातात, आणि मेंदूही वरून ते द्वार उघडतो वा मिटतो. मार लागलेली जागा चोळली की बरे वाटते, त्याचा उलगडा यात आहे. १९७५ ची ‘मॅकगिल वेदना प्रश्नावली’ ठसठस, आग, कळ, ओढ अशा धर्तीच्या ७८ इंग्रजी शब्दांना २० गटांत मांडते. ‘दुखते’ एवढ्यावर न थांबता रुग्णाला कसे दुखते ते विचारण्याची रीत तिने दवाखान्यांत रुजवली. मेलझॅक यांचे विद्यार्थी जॉन ओकीफ (पीएच.डी. १९६७) यांना प्राणी कुठे आहे हे दर्शवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधील ‘स्थानपेशीं’च्या शोधाबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले; तो शोध त्यांनी लंडनला लावला, पण मोकळेपणी हिंडणाऱ्या प्राण्याच्या मेंदूतील पेशींची नोंद घेण्याचे काम त्यांच्या मॅकगिलमधील प्रबंधातलेच होते.

हेब यांच्या मेंदूकेंद्री परंपरेबाहेरचे नाव वॉलेस लँबर्ट यांचे. दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी मागे पडते, असा जुन्या अभ्यासांचा निष्कर्ष होता. विद्यार्थिनी एलिझाबेथ पील आणि लँबर्ट यांनी माँट्रिऑलच्या फ्रेंच शाळांतील दहा वर्षांच्या एकभाषिक व द्वैभाषिक मुलांची तुलना घरची आर्थिक परिस्थिती सारखी धरून केली. १९६२ च्या अहवालात द्वैभाषिक मुले सरस ठरली. इंग्रजी माध्यमाच्या आपल्याकडील वादात हा अभ्यास अर्धवट वापरला जाण्याचा धोका आहे. लँबर्ट यांनीच पुढे फरक स्पष्ट केला : नवी भाषा पहिलीत भर घालते तेव्हा लाभ होतो; ती मातृभाषेला हटवून येते तेव्हा तो होईलच असे नाही.