मुंबई उपनगरांचा किनारा : हवामान-प्रकल्प व मूळ रहिवाशांचे हक्क

पूर, उधाण, किनाऱ्याची धूप आणि पाणीटंचाई यांपासून बचाव व्हावा म्हणून मुंबई उपनगर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर व खाड्यांत कामे हाती घेतली जातात. ती होत असताना तिथल्या मूळ वस्त्यांचे राहण्याचे, मासेमारीचे व विचारले जाण्याचे हक्क कसे राखले जातात, हा या नोंदीचा विषय आहे. जिल्हा १९९० साली वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे त्याचे तालुके. घाटकोपर व मुलुंड कुर्ल्यात मोडतात. पश्चिमेला जुहू, वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई असा खुल्या समुद्राचा किनारा, मध्ये मालाड व मनोरीच्या खाड्या, आणि पूर्वेला घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ठाणे खाडीची चिखलपट्टी अशी त्याची ठेवण आहे. या पट्ट्यात हक्कांचा प्रश्न संमतीपर्यंत पोचण्याआधीच नोंदीपाशी अडतो. ज्याचे घर नकाशात नाही आणि ज्याची मासेमारी दप्तरात नाही, तो प्रकल्पबाधित ठरतच नाही.

मूळ रहिवासी कोण

लोकांच्या बोलण्यात याचे उत्तर सोपे आहे : कोळी, आगरी, भंडारी, गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, आणि डोंगराकडचे वारली. कायद्यात मात्र ते तुकड्यातुकड्यांत सापडते. वारली अनुसूचित जमातीत आहेत. महादेव कोळी, मल्हार कोळी हेही त्याच यादीत आहेत, पण ते डोंगरकोळी. किनाऱ्यावरच्या सोनकोळ्यांचा समावेश त्या यादीत नाही. राज्यात ते विशेष मागास प्रवर्गात धरले जातात. ईस्ट इंडियन समाजाला यांपैकी कोणतीच चौकट लागू होत नाही. उपनगर जिल्हा पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र नाही आणि महापालिका हद्दीत ग्रामपंचायतही नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाचे जे हत्यार पालघर-डहाणूच्या पाड्यांकडे आहे ते गोराईकडे नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही हीच अडचण दिसते. मूळ निवासी लोकांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याला भारताने २००७ मध्ये अनुकूल मत दिले. मात्र सर्व भारतीय मूळनिवासीच आहेत, ही सरकारची भूमिका कायम राहिली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९५७ चा करार (क्रमांक १०७) भारताने स्वीकारला, १९८९ चा सुधारित करार (क्रमांक १६९) स्वीकारलेला नाही. मुक्त, पूर्व व माहितीपूर्ण संमतीचे तत्त्व त्यामुळे मागच्या दाराने येते, म्हणजे पैसा देणाऱ्या संस्थेच्या अटींतून. हरित हवामान निधीचे मूळनिवासीविषयक धोरण २०१८ चे. त्याच वर्षी या निधीने भारताच्या किनारी समाजांच्या हवामान-सक्षमतेसाठी आंध्र, ओडिशा व महाराष्ट्र या राज्यांकरिता योजना मंजूर केली. एकूण खर्च सुमारे १३ कोटी डॉलर, पैकी निधीचा वाटा ४ कोटी ३४ लाख. महाराष्ट्रात तिचे काम कोकणच्या ग्रामीण किनाऱ्यावर, विशेषतः सिंधुदुर्गात आहे. उपनगरांतली कामे महापालिका व राज्य शासन आपल्या पैशाने करतात, आणि स्वतःच्या पैशाने केलेल्या कामावर परक्या सावकाराच्या अटी लागत नाहीत.

अशा अटी लागू असल्या तर काय घडते याचा एक दाखला उपनगरांतच आहे, तोही किनाऱ्यापासून आत. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातील सांताक्रूझ–चेंबूर व जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यांमुळे हटवल्या गेलेल्या लोकांनी, त्यांत कुर्ल्याचे दुकानदार पुढे होते, २००४ मध्ये जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचा निधी काही महिने रोखला. पुनर्वसनाच्या तक्रारीवरून पैशाचा नळ बंद होऊ शकतो, हे शहराला तेव्हा कळले. कोळीवाड्यांच्या वाट्याला असा नळ आलेला नाही.

नकाशा

सागरकिनारा नियमन क्षेत्राची ६ जानेवारी २०११ ची अधिसूचना हा कोळीवाड्यांच्या दृष्टीने आजवरचा सर्वांत ठोस दस्तऐवज म्हणता येईल. बृहन्मुंबईतील कोळीवाडे १९८१ च्या विकास आराखड्यावरून किंवा शासनाच्या जुन्या दप्तरावरून शोधावेत, नकाशावर घ्यावेत आणि किनारा क्षेत्राच्या तिसऱ्या वर्गात घालून तेथील घरबांधणीस स्थानिक नियमांनुसार मुभा द्यावी, असे तिच्यात होते. किनारा आराखड्यात मच्छीमारांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने व सुकवणीची खळी दाखवण्याचीही अपेक्षा होती.

सीमांकन रखडले. कोळीवाडा म्हणजे नुसती घरे, असे भूमापनाच्या खात्याने धरले. मच्छीमाराच्या हिशेबात तो घरापासून खुंटापर्यंत असतो. वर्सोवा, मढ, गोराई इथली मुख्य मासेमारी डोल जाळ्याची. हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीत उभे ठेवतात. खुंटाची जागा ठरलेली असते, ती कोणत्या घराची हे गावाला ठाऊक असते, आणि तंटा झालाच तर जमात बसते. या मालकीला सातबारा नाही. किनाऱ्यावर आले की बोंबलांची जबड्यात जबडा अडकवून जोडी करतात आणि बांबूच्या वलांडीवर टांगतात. त्या वलांडीखालची वाळू सरकारी दप्तरी बहुधा मोकळी जमीन असते. मोकळ्या जमिनीवर उद्यान, पदपथ किंवा बंधारा आखायला कोणाचीच हरकत नसते.

१८ जानेवारी २०१९ च्या नव्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला आणि समुद्राच्या धोक्याची हद्द दाखवणारी धोकारेषा केवळ आपत्ती-नियोजनापुरती ठेवली. तिच्यानुसार तयार झालेल्या मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर कोळी संघटनांची मुख्य हरकत होती की कोळीवाड्यांच्या हद्दी व मासेमारीची क्षेत्रे नकाशावर नाहीत. सुनावणी करोनाकाळात दूरस्थ पद्धतीने झाली. खाडीत ओहोटीला उतरणाऱ्या बाईने पडद्यावर नकाशा मोठा करून आपली सुकवणीची जागा शोधावी, ही अपेक्षाच मुळात विनोदी होती.

खारफुटी

या विषयाची सर्वांत गुंतागुंतीची बाजू खारफुटीची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. खाडीकाठची तिवरे तोडून भराव टाकल्याची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवली, शासकीय जमिनीवरील खारफुटी वन म्हणून घोषित करण्याचे व भोवती ५० मीटरचा पट्टा बांधकाममुक्त ठेवण्याचे आदेश दिले. २०१८ च्या अंतिम निकालाने ते पक्के केले. राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. मुंबईची खारफुटी आज जी काही उभी आहे त्याचे मोठे श्रेय या आदेशाला आहे, आणि कोळी समाज या संरक्षणाच्या विरोधात कधी नव्हता. भराव टाकणारे डंपर बहुधा त्यांनीच आधी पाहिलेले असतात.

पण जमीन वन झाली की वनखात्याचे नियम येतात. मालवणी, चारकोप, भांडुपच्या बाजूला ओहोटीच्या वेळी खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवे, खुबे गोळा करणे हा मुख्यतः बायकांचा धंदा. होडी नाही, जाळे असलेच तर लहान, परवाना नाही, मच्छीमार सोसायटीच्या दप्तरात नाव बहुधा नवऱ्याचे. चिखलातून खाडीपर्यंत जाणारी वाट तिवरांमधून जाते. डंपर अडवायला कुंपण किंवा भिंत घालताना ही वाट मोकळी ठेवली नाही, तर चोर आणि कोळीण दोघांना एकच न्याय लागतो.

वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्यात याची सोय आहे. कलम ३ मधील सामूहिक हक्कांत जलाशयांतील मासे व इतर उत्पादने स्पष्टपणे येतात. हा कायदा अनुसूचित जमातींबरोबर इतर पारंपरिक वननिवासींनाही लागू आहे. त्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवणे कोळीवाड्याला जड नाही. अवघड आहे ते हे, की शहरात वनहक्क समिती निवडणारी ग्रामसभा कुठली, आणि ज्यांचे पोट खाडीवर चालते त्यांना वननिवासी म्हणायचे कसे. खारफुटीचा कायदेशीर दर्जा बदलताना तिच्यावरचे जुने हक्क आधी नोंदवले असते, तर हा पेच उरला नसता.

ठाणे खाडीतही तेच. २०१५ मध्ये खाडीचे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित पक्षी अभयारण्य झाले. त्यात ८९६ हेक्टर खारफुटी व ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली, क्षेत्र ६,५२१ हेक्टर. रामसरच्या ‘सुज्ञ वापरा’च्या कल्पनेत स्थानिकांची मासेमारी बसते. मच्छीमारांना धास्ती असते ती अभयारण्य या शब्दामागून येणाऱ्या रोजच्या रखवालीची. दुसऱ्या बाजूला कांदळवन प्रतिष्ठानाची उपजीविका योजना (२०१७) आहे. तिच्याखाली राज्याच्या किनाऱ्यावरील गावांत खेकडापालन, कालवसंवर्धन, शोभिवंत मासे यांना अनुदान मिळते. योजना उपयोगी आहे. पण अनुदान शासन देते आणि थांबवूही शकते, हक्काचे तसे नसते.

भिंती, पंप, रस्ते, पाणी

२००५ नंतरच्या पूरनियंत्रणाच्या कामांचा कणा शहराच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरील १९९३ च्या बृमस्टोवाड अहवालात होता. त्यातील पाणी उपसणाऱ्या उदंचन केंद्रांपैकी इर्ला, गझदरबंध व मोगरा पश्चिम उपनगरांतली. दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व आरेच्या डोंगरात उगवून खाडीला मिळतात. उगमाकडे वारल्यांचे पाडे, मुखाकडे कोळीवाडे, आणि मधल्या पात्राला काँक्रीटच्या भिंती. पूर कमी करण्यासाठी पाणी वेगाने खाडीत नेले की त्याबरोबरचा गाळ, प्लॅस्टिक व सांडपाणी मुखाशी साचते. वर्सोव्याच्या होड्या गाळामुळे भरतीची वाट पाहत थांबतात ही जुनी तक्रार आहे, आणि गाळ कोणत्याही प्रकल्पाच्या बाधितांच्या यादीत येत नाही. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याने घरे वाचतात, मात्र होडी ओढून घ्यायची पुळण जाते. किती अंतरावर उतार ठेवायचा, हे होडीवाल्याला विचारले तर एका संध्याकाळी ठरते.

महापालिकेचा मुंबई हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे त्याचे उद्दिष्ट. शहरी पूर व जलव्यवस्थापन हे त्याच्या सहा विषयांपैकी एक. पाण्याच्या बाबतीत सर्वांत मोठे प्रस्तावित काम मनोरीला आहे : समुद्राचे पाणी गोडे करणारा, रोज २०० दशलक्ष लिटरचा व पुढे ४०० पर्यंत वाढवता येणारा प्रकल्प. पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या शहराला त्याची गरज पटण्यासारखी आहे. मच्छीमारांचा आक्षेप उरलेल्या दाट खाऱ्या पाण्याबद्दल आहे. ते किती आत, किती खोल आणि कोणत्या प्रवाहात सोडायचे, यावर जवळच्या डोल जाळ्यांचे भवितव्य ठरते.

मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सागरी रस्त्याला हवामान-प्रकल्प म्हणावे का, हा वादाचा मुद्दा. पण इंधन वाचेल व उत्सर्जन घटेल हा त्याचा अधिकृत दावा आहे. दक्षिणेकडच्या टप्प्याची किनारा-मंजुरी १६ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने रद्द केली. याचिकाकर्त्यांत वरळी कोळीवाड्याची मच्छीमार संस्था होती. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. नंतरचा लढा रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधल्या अंतरावर आला. आराखड्यात ते ६० मीटर होते. वाऱ्या-लाटांत होडी निघायला ते पुरणार नाही असे वरळीकर सांगत राहिले आणि २०० मीटर मागत राहिले. २०२२ च्या अखेरीस १२० मीटरवर तोडगा निघाला. नाखव्यांचे, म्हणजे होडीवाल्या कोळ्यांचे, ज्ञान अभियांत्रिकीच्या आराखड्यात उतरले, असा हा विरळा प्रसंग; मात्र ते काम सुरू झाल्यावर, वाढीव खर्चाने व काही वर्षांच्या भांडणानंतर झाले. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणाऱ्या उत्तर टप्प्याचा मोठा भाग मालाड, चारकोप व गोराईच्या खारफुटीतून आखला आहे. ज्या तिवरांत पायवाटेसाठी परवानगी मागावी लागते, त्यांतूनच रस्ता जातो, हे गोराईकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भरपाई

मासेमारीच्या नुकसानीला भरपाई मिळावी हे तत्त्व राज्यात उशिरा रुजले. ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात वाशीच्या मरियाई मच्छीमार सहकारी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पारंपरिक मासेमारीचा हक्क मान्य केला आणि बाधित मच्छीमारांसाठी कायमचे धोरण करण्यास शासनाला सांगितले. २०२३ मध्ये असे धोरण जाहीर झाले. आता वाद असतो तो पुराव्याचा : होडीचा नोंदणी क्रमांक, परवाना, डिझेलचा कोटा, सोसायटीचे सभासदत्व. यांत्रिक होडीवाला हे सगळे दाखवू शकतो. हाताने चिंबोरी धरणारीकडे दाखवायला बाजारातली जागा आणि शेजारणींची साक्ष एवढेच असते, आणि म्हणून काही कोळीवाड्यांत महिलांची वेगळी यादी करण्याची मागणी संस्थांनी लावून धरली आहे.