बिल जेफ्री : एक दिवस आणि सत्तावीस वर्षें

ता. २९ जून १९५० रोजीं ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते या शहरीं फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेंत अमेरिकेनें इंग्लंडला एका गोलानें हरविलें. ज्यांनीं हा खेळ जगाला शिकविला, त्यांनाच शिष्यांतील अगदीं मागच्या बांकावरच्यानें चीत करावें, ही कल्पनाही कोणास शिवली नव्हती. विजयी संघांत एक शाळामास्तर होता, एक टपाल वांटणारा होता. गोलरक्षक शवगाडी हांकीत असे. आणि गोल करणारा गेटजेन्स हा हैतीचा तरुण न्यूयॉर्कमध्यें शिकतां शिकतां खाणावळींत भांडीं घाशी. या संघाचे मार्गदर्शक बिल जेफ्री.

जेफ्री यांचा जन्म १८९२ सालीं एडिंबरो येथें झाला. तरुणपणीं ते अमेरिकेस गेले आणि आल्टूना येथील रेल्वेच्या कारखान्यांत राबूं लागले. कारखान्याच्या संघांतून ते खेळत. त्यांचें कसब पाहून पेनसिल्व्हानिया स्टेट कॉलेजनें १९२६ सालीं त्यांस आपल्या मुलांचे शिक्षक नेमलें.

अमेरिकेंत फुटबॉल म्हटला म्हणजे लंबगोल चेंडूचा खेळ. गर्दी त्याला, पैसाही त्यालाच. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों तो तेथें 'सॉकर', म्हणजे सावत्र अपत्य. या उपेक्षित मैदानावर जेफ्री यांनीं सत्तावीस हंगाम काढले. १५३ सामने जिंकले, २९ बरोबरींत सुटले, हरले ते अवघे २४. त्यांत १९३२ ते १९४१ या काळांत लागोपाठ ६५ सामन्यांत पराभव नाहीं! कॉलेजांतील मुलें तीन-चार वर्षांनीं बदलतात. म्हणजे एवढ्या अवधींत खेळाडूंच्या किमान दोन पिढ्या उलटल्या. जागच्या जागीं राहिला तो शिक्षक एकटा.

मग इंग्लंडवरील विजयाचें श्रेय त्यांस द्यावें काय? राष्ट्रीय संघ त्यांच्या हातीं आला तो स्पर्धेच्या अगदीं तोंडावर. आधींच्या सामन्यांत स्पेननें व नंतरच्यांत चिलीनें त्याला हरविलें होतें. तेव्हां त्या एका दिवसांत दैवाचा वांटाही होताच, असें म्हणणें प्राप्त आहे. दैवाची साथ एखादे दिवशीं मिळते; नऊ वर्षें कोणाला मिळत नाहीं. म्हणून जेफ्री यांचें माप त्या नव्वद मिनिटांनीं घेऊं नये, असें मला वाटतें.

१९६६ सालीं ते निवर्तले. त्यांच्या कॉलेजच्या मैदानास पुढें त्यांचें नांव देण्यांत आलें. आणि वर ज्या शाळामास्तराचा उल्लेख केला, ज्यानें मारलेला चेंडू गेटजेन्सच्या डोक्यास लागून जाळ्यांत गेला, तो वॉल्टर बार १९७४ सालीं त्याच संस्थेंत सॉकरचा शिक्षक होऊन आला आणि १९८८ पर्यंत तेथें राहिला. खरा शिक्षक मागें काय ठेवतो, तर आपली रिकामी जागा घेण्यास योग्य असा माणूस.