झिओलाइट नमुने, मावळातील

सह्याद्रीच्या बेसॉल्ट खडकांतील पोकळ्यांत तयार झालेल्या खनिज-स्फटिकांचे संग्राह्य नमुने. पुणे जिल्ह्यातील वडिवळे गावापासून लोणावळा-खंडाळ्यापर्यंतचा मावळ प्रदेश दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांनी बनलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना त्यात वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या व पुढे खडकात झिरपलेल्या उष्ण पाण्यातून त्यांत स्फटिक वाढले. गार्नेट हे मुख्यतः रूपांतरित खडकांतील खनिज असल्याने त्याचे नमुने मावळात नव्हे, तर नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गोंडाइट खडकासारख्या खडकांत मिळतात.

झिओलाइटे ही सजल ॲल्युमिनोसिलिकेटे होत. तापविल्यास त्यांतील पाणी निघून ती उकळल्यासारखी फुगतात. यावरून स्वीडिश खनिजवैज्ञानिक क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये ‘उकळणारा दगड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांपासून हे नाव दिले. स्टिल्बाइटाचे स्फटिक पेंढीसारखे जुडलेले, ह्यूलँडाइटाचे मोत्याची चमक असलेले, तर स्कोलेसाइटाचे सुईसारखे असतात. त्यांच्या सोबतीने आढळणारे अपोफायलाइट हे मात्र झिओलाइट नव्हे.

या नमुन्यांचा इतिहास खोदकामाशी निगडित आहे. उघड्या कातळावर हवा-पाण्याने स्फटिक झिजतात. ताजे नमुने खडक फोडल्यावरच हाती येतात. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८५६–६३ या काळात जेम्स जॉन बर्कली यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला. त्यासाठी २५ बोगदे व अनेक खोल छेद खोदावे लागले. त्यांतून निघालेले नमुने यूरोपातील संग्रहालयांत पोहोचले. या कामात असंख्य मजुरांचे प्राण गेले. संग्रहांच्या नोंदींत मात्र त्यांचा मागमूस नाही.

विसाव्या शतकात विहिरी व खडीच्या खाणी हे नमुन्यांचे प्रमुख स्रोत ठरले. पुण्याजवळील पाषाण येथील हिरवे अपोफायलाइट जगप्रसिद्ध झाले. अमेरिकेतील ऑरेगनमधून १९७३ मध्ये प्रथम वर्णिलेल्या कॅव्हन्साइट या निळ्या खनिजाचे सर्वोत्कृष्ट नमुने पुढे वाघोलीच्या खाणींत मिळाले. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयात राज्यातील अशा खनिजांचा मोठा संग्रह आहे.

नमुन्याचे मोल केवळ सौंदर्यावर ठरत नाही. तो कोणत्या गावी, कोणत्या लाव्हाथरात व कोणत्या खनिजांसोबत मिळाला, ही नोंद असेल तरच त्यावरून पोकळी भरण्याचा क्रम व त्या वेळचे तापमान यांविषयी अनुमान करता येते. जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदा ‘पूना’ एवढेच लिहिलेले असते. असा नमुना देखणा असूनही अभ्यासाच्या दृष्टीने अपुरा ठरतो. खाणीतील पोकळी खडीयंत्रात गेली की तिची साक्ष कायमची नष्ट होते. त्यामुळे नमुना प्रथम पाहणाऱ्या खाणकामगाराची स्थलविषयक माहिती, वेळीच नोंदली गेल्यास, स्फटिकाइतकीच मोलाची असते.