प्रवाळ जलजीवालय

जिवंत प्रवाळे, त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे, कवचधारी व मृदुकाय प्राणी आणि शैवले ज्या काचेच्या टाकीत खाऱ्या पाण्यात एकत्र वाढविली जातात, तिला प्रवाळ जलजीवालय म्हणतात. नेहमीच्या मत्स्यालयात मासे मुख्य असतात आणि खडक व वाळू ही बहुतांशी सजावट असते. प्रवाळ जलजीवालयात खडक व वाळू यांवर वसलेली सूक्ष्मजीवसृष्टी मुख्य असून बाकीचे प्राणी तिच्या आधाराने जगतात. टाकी भरणे हे एका दिवसाचे काम आहे. ती पक्व होण्यास मात्र काही महिने, कित्येकदा वर्षभराचा काळ लागतो. सागराचे पाणी कृत्रिम रीतीने तयार करणे मनुष्यास लवकर साधले. हा काळ टाळता येत नाही हे उमगण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली.

महाराष्ट्रात समुद्रकाठ सोडून अंतर्भागात असे जलजीवालय मांडताना पहिली अडचण पाण्याची येते. सांगली जिल्ह्यातील मिरज हे याचे चांगले उदाहरण होय. कृष्णेच्या खोऱ्यातील हे शहर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर असून रत्नागिरीचा किनारा तेथून रस्त्याने सु. १८० किमी. दूर आहे व मध्ये सह्याद्री आहे. एकोणिसाव्या शतकात लंडन व बर्लिन येथील निसर्गाभ्यासकही याच अडचणीत होते. म्हणून या विषयाचा इतिहास आणि अंतर्भागातील घरगुती टाकीची मांडणी यांचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

इतिहास : सागरी प्राणी दीर्घ काळ घरात जिवंत ठेवण्याच्या आरंभीच्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक प्रवाळांच्याच बाबतीत झाला. ॲना थिन या इंग्रज महिलेने १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून काही प्रवाळे लंडनला आणली. समुद्राचे पाणी वारंवार मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरचेवर ओतून त्यात हवा मिसळविण्याचे काम तिने मोलकरणीकडे सोपविले. पुढील वर्षी तिने त्यात समुद्रशैवले घातली आणि प्रवाळे सु. तीन वर्षे जगली. ही प्रवाळे थंड समुद्रातील होती व त्यांना उन्हाची गरज नव्हती. उष्ण कटिबंधातील, भित्ती बांधणारी प्रवाळे या उपायाने जगली नसती. त्याचे कारण कळण्यास अजून अवकाश होता.

रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये मासे, गोगलगाई व पाणवनस्पती यांचा परस्परांशी समतोल राखल्यास टाकीतील पाणी वरचेवर बदलावे लागत नाही, असे दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडण्यात आले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील पुस्तकाने ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. त्याच सुमारास गॉस यांनी मीठ व मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची लवणे गोड्या पाण्यात विरघळवून कृत्रिम सागरजल तयार केले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथील जलजीवालयासाठी (१८७१) मात्र समुद्राचे पाणी ब्रायटनहून रेल्वेने आणण्यात आले. रेल्वेने पाणी वाहून नेणे मिरजेला अपरिचित नाही : एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरसाठी मिरजेहून पिण्याचे पाणी घेऊन पहिली गाडी गेली, तेव्हा तिच्या दहा टाकी-डब्यांत सु. ५ लाख लि. पाणी होते. घरगुती टाकीला असा खटाटोप परवडणारा नाही. बर्लिनमध्ये १८६९ साली उघडलेल्या जलजीवालयात कृत्रिम सागरजल मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले आणि अंतर्भागातील शहरांचा मार्ग मोकळा झाला.

क्रिस्टल पॅलेस येथील रचनाकार विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा, अंधारा जलसाठा खाली ठेवून पाणी सतत फिरते ठेवले. पाणी त्यामुळे निर्मळ राही. त्यामागील एक मोठे कारण १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्रॅड्स्की यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. प्राण्यांच्या उत्सर्गातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे काही सूक्ष्मजंतू नायट्राइटामध्ये व दुसरे काही नायट्राइटाचे नायट्रेटामध्ये रूपांतर करतात. हे जंतू पृष्ठभागांना चिकटून सावकाश वाढतात. टाकी पक्व होणे म्हणजे प्रथमतः या जंतूंची वस्ती पुरेशी वाढणे होय.

दुसरे कारण प्रकाशाचे होते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ऊतकांत एककोशिक शैवले राहतात. त्यांना कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये ‘झूझँथेली’ हे नाव दिले. १९२८–२९ मध्ये सी. एम. याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या मोहिमेत आणि त्यानंतर पलाऊ बेटावरील जपानी संशोधन केंद्रात प्रवाळे व शैवले यांच्या सहजीवनाचा बारकाईने अभ्यास झाला. शैवले प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्याचा मोठा भाग प्रवाळाला मिळतो. प्रकाशात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडाही अधिक वेगाने वाढतो, हे टॉमस गोरो यांनी १९५९ मध्ये दाखविले. अंधाऱ्या मत्स्यगृहांत उष्ण कटिबंधातील प्रवाळे काही आठवड्यांत का मरत, याचा उलगडा यामुळे झाला. अंगठीत घालण्याचे तांबडे पोवळे हे मुख्यतः भूमध्य समुद्रातील निराळ्या प्रवाळाचे असते. ते भित्ती बांधत नाही व त्याला या शैवलांची जोड नसते.

आधुनिक प्रवाळ जलजीवालयाचा प्रारंभ जाकार्ता येथील ली चिन एंग यांच्यापासून मानला जातो. त्यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत साधी होती : समुद्रातून सजीवांसह आणलेले सच्छिद्र खडक, हवेचे हलके बुडबुडे आणि भरपूर ऊन. खडकाच्या पृष्ठभागावर नायट्रेट तयार करणारे जंतू असत, तर ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या आतल्या छिद्रांतील जंतू त्याच नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करीत. यूरोपात ऊन अपुरे पडे. तेथे तीव्र विद्युत् दिव्यांची जोड देण्यात आली. पेटर विल्केन्स यांनी प्रवाळांच्या सांगाड्याला लागणाऱ्या कॅल्शियमाची भर घालण्यासाठी चुन्याच्या निवळीचा वापर प्रचारात आणला. जिवंत खडक, तीव्र प्रकाश आणि पाण्यातील सेंद्रिय मळ फेसाबरोबर बाहेर काढणारे ‘स्किमर’ हे उपकरण यांवर आधारलेली पद्धत पुढे ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या शहरातील डीट्रिख श्ट्युबर यांनी शाखायुक्त प्रवाळांचे तुकडे करून ते वाढविले व इतरांना दिले. मोनॅको येथील झां झोबेर यांनी जाड वाळूच्या थरावर आधारलेली, तर वॉशिंग्टन येथील वॉल्टर ॲडी यांनी शैवलांकडून पाणी शुद्ध करून घेण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेत हा छंद १९८६ नंतर झपाट्याने पसरला.

महाराष्ट्रात सागरी जीवांचे सार्वजनिक दर्शन मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने घडविले. त्याचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशावरून मुंबईस जाणाऱ्या कित्येक पिढ्यांनी प्रवाळभित्तीवरील मासे प्रथम तेथेच पाहिले.

मांडणी : १०० सेंमी. लांब, ५० सेंमी. रुंद व तितक्याच उंचीच्या टाकीत २५० लि. पाणी मावते. सागरजलात दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात, म्हणून अशा टाकीस सु. ९ किग्रॅ. मिश्र सागरी लवण लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही, कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इ. घटक योग्य प्रमाणात नसतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि विहिरीच्या अथवा कूपनलिकेच्या पाण्यात कठिनता व नायट्रेट असण्याचा संभव असल्याने व्यत्यासी तर्षणाने शुद्ध केलेले पाणी वापरतात. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास, तापमान २४° ते २७° से. आणि कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिग्रॅ. राखावे लागते.

मिरजेच्या हवेत तापमान राखणे हे सर्वांत कठीण काम ठरते. एप्रिल–मे महिन्यांत तेथील पारा ३८° ते ४०° से. पर्यंत चढतो. त्या कोरड्या हवेचा एक लाभही आहे : पाण्याच्या पृष्ठभागावरून पंख्याने वारा घातल्यास बाष्पीभवन जलद होते आणि एक लिटर पाण्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता २५० लि. पाण्याचे तापमान सु. २° ने उतरविण्यास पुरेशी असते. परंतु वाफेबरोबर लवणे जात नाहीत व उरलेले पाणी अधिक खारट होते. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई दररोज गोड्या शुद्ध पाण्यानेच करावी लागते. खारे पाणी घातल्यास लवणता वाढत जाऊन प्राणी मरतात. वीज गेल्यास पाण्याचा प्रवाह थांबतो व काही तासांतच ऑक्सिजन कमी पडू लागतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप जवळ ठेवणे आवश्यक असते.

पक्वता : टाकीत खडक, वाळू व पाणी घातल्यानंतर अमोनियाचा अल्पसा पुरवठा करून जंतूंची वाढ घडवून आणतात. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढते व उतरते आणि शेवटी नायट्रेट साठू लागते. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. एवढ्याने टाकी तयार झाली, असा समज अनेकांचा होतो. प्रत्यक्षात ही केवळ पहिली पायरी असते. यानंतर काचेवर व वाळूवर करंड वनस्पतींचा तपकिरी थर येतो, तो ओसरल्यावर हिरवी तंतुमय शैवले माजतात. या अवस्थेत टाकी बिघडली असे समजून ती रिकामी केल्यास सर्व क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाणी थोडेथोडे बदलीत राहिल्यास आणि शैवले खाणाऱ्या गोगलगाई सोडल्यास हिरवा थर हळूहळू मागे हटतो व खडकांवर चुनखडीयुक्त जांभळट-गुलाबी शैवलांचे ठिपके दिसू लागतात. ते टाकी स्थिरावत असल्याचे चिन्ह मानतात. मऊ अंगाची प्रवाळे यापूर्वीही तग धरतात. शाखायुक्त कठीण प्रवाळांना मात्र सहा महिने ते वर्षभर स्थिरावलेली टाकी लागते.

कायदा व संरक्षण : भारतात या छंदाला कायद्याची स्पष्ट मर्यादा आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये भित्ती बांधणारी सर्व प्रवाळे समाविष्ट करण्यात आली. त्यामुळे ती समुद्रातून काढणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा ठरतो. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही परवान्याने नियंत्रित असून, अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. दुकानदाराने दिलेले तोंडी आश्वासन अशा वेळी उपयोगी पडत नाही. भारतीय प्रवाळभित्तीवरील जिवंत खडकही याच कारणाने वापरता येत नाही. त्याऐवजी कोरडे अथवा कृत्रिम खडक वापरावे लागतात. त्यांवर जंतूंची वसाहत होण्यास अधिक काळ लागतो. माशांच्या बाबतीत भारतीय संशोधन संस्थांनी विदूषक माशांचे बंदिस्त स्थितीत प्रजनन साध्य केले असल्याने समुद्रातून पकडलेले मासे घेण्याची गरज उरलेली नाही.

हे निर्बंध अकारण नाहीत. महाराष्ट्राला प्रवाळांचा वारसा अल्पच लाभला आहे : सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील प्रवाळे मालवण सागरी अभयारण्यात (१९८७) येतात आणि विजयदुर्गपासून सु. १०० किमी. पश्चिमेस समुद्राखाली आंग्रिया बँक हा प्रवाळांचा विस्तीर्ण उंचवटा आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळे आपल्यातील शैवले बाहेर टाकतात व पांढरी पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपमधील प्रवाळांची अशी मोठी हानी झाली. २०१० व २०१६ मध्येही ती विरंजित झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथे व्यापक विरंजन जाहीर झाले. मिरजेतील टाकीवर पंखा लावून जे दोन अंश उतरविता येतात, तेच दोन अंश समुद्रात कोणालाही उतरविता येत नाहीत.

अशा स्थितीत टाकीतील अनुभवाला नवे महत्त्व आले आहे. छंदिष्टांनी रूढ केलेली तुकड्यांपासून प्रवाळे वाढविण्याची रीत आता भित्तींच्या पुनरुज्जीवनासाठी वापरली जाते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी चंद्रप्रकाश व ऋतुमान यांचे चक्र कृत्रिम रीतीने घडवून टाकीतील प्रवाळांचे प्रजनन साधले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लॉरिडात रोगाने ग्रासलेल्या भित्तीवरील निरोगी प्रवाळे जलजीवालयांत हलवून जतन करण्यात आली. ॲना थिनच्या काळी टाकीतील प्रवाळ समुद्रावर अवलंबून होते. काही जातींच्या बाबतीत आता समुद्रातील प्रवाळ टाकीवर अवलंबून राहू लागले आहे. तथापि टाकी ही भित्तीची जागा घेऊ शकत नाही. तिच्यातील काही शे लिटर पाणी स्थिर ठेवण्यास जे लक्ष, जो खर्च व जो काळ लागतो, त्यावरून समुद्र हे कार्य विनामूल्य किती मोठ्या प्रमाणावर करीत असतो, याची कल्पना येते.